पावण्याला गाव दाखवणाऱ्या बाई

टॅबलेट सुरू केला की माने बाई आधी त्याला विचारायच्या, "काय पावणं, जेवलासा का?"

आतून सभ्य आवाजात उत्तर यायचं, की मी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मला जेवणाची गरज नसते. "ऱ्हायलं मग," बाई म्हणायच्या, "आमी इचारायचं काम केलं." वर्ग खिदळायचा. दर शनिवारी हेच उत्तर आणि हेच हसू.

कागलच्या पुढच्या त्या गावी मी कोल्हापुरातून एसटीने जायचे. आमच्या संस्थेने तिथल्या शाळेला हा टॅबलेट दिला होता. त्याच्याशी मराठीत बोलता यायचं. तो गोष्टी सांगायचा, चित्रं काढायचा. मुलांनी त्याच्या मदतीने स्वतःचं काही करावं, हे पाहायचं काम माझ्याकडे होतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, आणि त्याही भाषेत मी वर्गात फारशी बोललेली नव्हते. पहिल्या दिवशी मी नाव सांगत होते, तेवढ्यात मागे लाकडी डस्टर बाकावर आपटलं.

"पावणं, मागच्या भितीला बी ऐकू जाऊ द्या की!"

त्या माने बाई. चौथीच्या वर्गशिक्षिका. उंच, चष्मा कायम कपाळावर. मला राग आला होता. नंतर कळलं की हा नियम सगळ्यांनाच होता. कुणी पुटपुटलं की डस्टर वाजायचं. त्यांचा स्वतःचा आवाज शाळेबाहेरच्या दूध डेअरीपर्यंत जायचा. त्यांनी वर्गात पाढा सुरू केला की रांगेतली माणसं किटली हातात धरून तो पुरा करायची.

मी मुलांसाठी प्रश्न तयार करून न्यायचे, म्हणजे मशीनकडून चांगली उत्तरं मिळतील. बाईंनी ते कागद वाचले आणि घडी घालून मला परत दिले. त्यांची रीत वेगळी होती. "पावण्याम्होरं रिकाम्या हातानं जायचं न्हाय," त्या मुलांना सांगायच्या. "आधी आपल्याकडचं कायतरी सांगा, मग त्याला इचारा." त्यामुळे ज्याला गोष्ट हवी असेल, त्याने गोष्टीतलं एक माणूस घरून आणायचं. चित्र हवं असेल, तर आधी पाटीवर स्वतः काढायचं, कसंही.

एकदा मुलांनी गुऱ्हाळाचं चित्र मागितलं. चित्रात एक बाई छोट्या पातेल्यात डाव फिरवत होती आणि शेजारी ताटात पिवळे लाडू होते.

"बाई, ही आमटी करायलीया!"

"अन् गुळाचं लाडू!"

मी घाईने टॅबलेट घ्यायला गेले. बाईंनी मला थांबवलं. "हसू नका रं. त्यानं गुऱ्हाळ बघितलं न्हाय, म्हणून चुकला. तुमी बघितलंय न्हवं? मग दावा की त्याला गाव."

मुलं सांगायला बसली आणि अडकली. रस उकळायची काहिल मोठी असते, पण केवढी? रस उकळताना वास कसा येतो? रोज बघितलेलं कुणालाच सांगता येईना. मग बाई सगळ्यांना घेऊन गुऱ्हाळावर गेल्या. मुलांनी काहिलीपासून लांब, मोकळ्या जागेत हात धरून तिच्याएवढंच रिंगण केलं. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं टाकणाऱ्या मामांना प्रश्न विचारून हैराण केलं. परत येऊन जे सांगितलं, ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एक मुलगी म्हणाली, "गूळ व्हायच्या आधी रसाला राग येतो." मशीनने पुन्हा चित्र काढलं. तेही चुकलंच, पण आता कुठे आणि का चुकलं, हे मुलं त्याला सांगत होती. त्यातूनच त्यांची मोठी गोष्ट सुरू झाली: गुऱ्हाळावर आलेला, कधीच न जेवणारा पाहुणा. ती पालकसभेत बाई वाचून दाखवणार होत्या.

दिवाळीनंतर बाईंचा घसा बसला तो बसलाच. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बोलणं पूर्ण बंद करायला सांगितलं. आवाज परत येईल का, हे तेही सांगू शकत नव्हते. बाई रोज शाळेत यायच्या, गळ्याला स्कार्फ, हातात पाटी. डेअरीवरचे लोक विचारायचे, "आज शाळा न्हाय व्हय?"

माझ्या फोनमध्ये बाईंच्या वर्गाची रेकॉर्डिंग होती. त्यांवरून त्यांचाच आवाज बनवता येतो, हे मला माहीत होतं. मी बनवला. त्या आवाजात मुलांची सगळी गोष्ट वाचून घेतली आणि सभेच्या आदल्या दिवशी, वर्ग रिकामा असताना बाईंना ऐकवली.

त्यांनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली. मग पाटीवर लिहिलं, "झ्याक बोलतंय. पर पोरं हसली तरी थांबत न्हाय."

मी म्हणाले, मध्ये थोडी जागा सोडता येईल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "हे माझ्यासाठी केलंस, का तुझ्यासाठी?"

मी फोन बंद केला. बाईंचा आवाज नसेल तर ती गोष्ट कुणाला वाचावी लागणार होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी ते पुसलं आणि शेवटचं लिहिलं, "तू वाच."

सभेला शाळेचा व्हरांडा भरला होता. बाई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या. त्या गावाने त्यांचा आवाज इतकी वर्षं ऐकला होता आणि आता समोर मी होते. मी वाचायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य संपायच्या आत डस्टर वाजलं. रसाला राग येतो म्हणणारी ती मुलगी पुढच्या रांगेतून कुजबुजली, "ताई, मोठ्यानं. बाई बघायल्यात."

मी कागद खाली घेतला. श्वास घेतला. पाहुणा गुऱ्हाळावर येतो, तिथून पुन्हा सुरू केलं आणि जेवढा माझ्यात होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "काय पावणं, जेवलासा का?"

सगळा व्हरांडा हसला. मुलं, त्यांच्या आया, किटल्या घेऊन आलेली माणसंसुद्धा. हसू थांबेपर्यंत मी थांबले. मागे पाहिलं. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला होता. डस्टर मांडीवर होतं.

मी पुढे वाचत गेले. ते पुन्हा वाजलं नाही.