कडक भाकरीचा आवाज

नवऱ्याला गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून मी सोलापूर सोडून चेन्नईला आले. शाळा आठवीतच सुटलेली, तमिळ एक अक्षर कळत नव्हतं. शहराबाहेरच्या आवडी नावाच्या उपनगरात घर मिळालं. पहिल्याच दिवशी जिन्यात बसून रडत होते, तर खालच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "कसाला रडतीस गे पोरी?" त्या तंजावरकडच्या मराठी. हेल तमिळ, बोली जुनी, पण माझीच भाषा. तेव्हापासून त्या माझ्या काकू. माझं बाळंतपणसुद्धा त्यांनीच केलं.

आई गावाहून कडक भाकरी पाठवायची. ती काकूंना फार आवडे. खाली त्या खायला लागल्या की कुडुम कुडुम वर ऐकू यायचं. "आईला सांग, माझे दात आहेत अजून."

मग त्यांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? काकू म्हणाल्या, बीपीची गोळी, बस. दाढ काढली. पण जखम काही भरेना. तोंडाला वास यायला लागला. एकदा मी मोबाइलचा उजेड धरून पाहिलं, तर हिरडीतून पांढरं हाड दिसत होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नेमकं विचारलं, "हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेता का?"

"घेते की. वर्षातून एकदा."

"मग दाढ काढण्याआधी सांगितलं का नाही?"

काकू माझ्याकडे वळल्या. "ते कसाला सांगू? ते औषध नव्हे, ती हाडांची ताकद."

रोज घ्यायचं ते औषध, एवढंच त्यांना ठाऊक. डॉक्टरबाईंनी समजावलं. हे औषध हाडं सांभाळतं, पण ते घेणाऱ्या एखाद्याची दाढ काढली की जबड्याची जखम भरत नाही, तिथलं हाड मरतं. आधी कळलं असतं तर काळजी घेतली असती. आता मेलेला तुकडा काढायचा. जबडा किती वाचेल, ते उघडल्यावरच कळणार.

परवा आईचं पार्सल आलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मी भाकरी मिक्सरमधून काढून ताकात भिजवून नेली. काकूंनी दोन चमचे कसेबसे गिळले आणि वाटी बाजूला सारली.

"अख्खी आण एक. तू खा इथे बसून."

मी खाल्ली. त्या गालाला हात लावून, डोळे मिटून ऐकत होत्या. मी शेवटच्या तुकड्यापर्यंत चावत राहिले.