संजीवनी छाप काढा

दुखवट्याला आलेला प्रत्येक माणूस आमच्या ओसरीवर दादाचा एक किस्सा ठेवून गेला. कुणी हसत सांगितला, कुणी डोळे पुसत. दादा गेला आणि किस्से साचत चाललेत. आई ऐकत नाही, आत जाऊन बसते. मग ते सगळे माझ्याच वाट्याला येतात. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ शिवराम. जुन्नरच्या पेठेत गुलाबशेठच्या दुकानात आम्ही दोघंही कामाला. तो माल विकायला, मी पोती उचलायला. शेठ मारवाडी जैन, पण जन्म इथलाच, रागावतातसुद्धा मराठीत. स्वदेशीचं वारं सुटलं तसं शेठनी ठरवलं, आपल्या मालावर आपली छाप हवी. नावं दादानं द्यायची, कारण देवळात कीर्तन असलं की तो ताट सोडून धावायचा. सगळी पुराणं त्याच्या जिभेवर.

त्यांतलं एकच नाव पुसून टाका, असं मी शेठना रोज म्हणतो. संजीवनी. ते का पुसायचं, ते सांगतो. आधी बाकीची नावं ऐका.

*

पहिली छाप गणपतीची होती, सुपारीच्या पुड्यावर. लेण्याद्रीच्या यात्रेत पुडे हातोहात खपले आणि दुपारपर्यंत डोंगराच्या पायऱ्यांवर रिकामे कागद पसरले. पुजारी भडकले. देव पायाखाली येतोय म्हणाले, उचला सगळे. दादा आणि मी वाकून वाकून कागद वेचत खाली आलो.

खाली पोचल्यावर दादा शेठना म्हणाला, यापुढं देव नको, राक्षस घेऊ. कुणी तुडवला तर पुण्यच लागेल.

सगळ्यांत खूष झाले इब्राहिमचाचा. छापायचे लाकडी ठसे तेच कोरत. ते म्हणाले, "शिवा, लई उपकार झाले बघ. देवाचं नाक चुकलं की भांडण. राक्षसाचं चुकलं की शाबासकी."

*

पुढं शेठनी ढेकणांची पूड आणली. आणली खरी, पण जीव मारायचं औषध विकायचं कसं, म्हणून पेटी उघडीनात. जेवण जाईना त्यांना. दादानं रात्रीत नाव काढलं. वनवास पूड.

"शेठ, ही मारत न्हाई. नुसती घराबाहेर घालवते."

शेठचा जीव भांड्यात पडला. महिन्याभरानं एक गिऱ्हाईक ओरडत आलं, तुमच्या पुडीनं गेलेले ढेकूण सगळे परत आले. दादानं शांतपणे विचारलं, "मग वनवासातनं मानूस परत येत न्हाई व्हय, पावणं?"

*

द्रौपदी छाप लुगड्याचा किस्सा पेठ गावच्या एका आक्कांनी स्वतःच सांगितला, त्याही दुखवट्याला आल्या होत्या. त्यांनी लुगडं घरी नेऊन हातानं मोजलं तर कमी भरलं. तशाच बैलगाडीत बसून दुकानात आल्या आणि भर बाजारात घडी उलगडली. म्हणाल्या, "असलं नेसली असती तर द्रौपदीची लाज पहिल्याच हिसक्याला गेली असती!"

दादा म्हणाला, "आक्का, पुरवणारा यायच्या आतच तुमी मोजलंत."

आक्का तिथंच हसायला लागल्या. लुगडं मात्र बदलून नेलं. आमच्या ओसरीवर हे सांगतानाही त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला.

*

आता संजीवनी. हा शेठच्या घरचा तापावरचा काढा. आलं, गुळवेल, काडेचिराईत आणि तळाला भरपूर गाळ. नाव दादानं दिलं, बाटल्यांना कागद त्यानंच चिकटवले. एकदा एका मास्तरांनी बाटली उजेडात धरून विचारलं, ही माती कसली?

"मास्तर, मारुतीनं आख्खा डोंगरच आणला व्हता. माती येनारच."

तेव्हापासून गिऱ्हाइकं बाटली मागताना म्हणायची, डोंगर ढवळून द्या.

*

भाद्रपदात मला ताप चढला. गल्लीत बऱ्याच घरांत तो होता. लांब बस असं सगळ्यांनी दादाला सांगितलं, चाचांनी तर हात धरून ओढलं. तो हलला नाही. चमच्यानं मला काढा पाजायचा आणि बाटलीत उरलेला स्वतः प्यायचा.

मी उठलो. मी उठून भिंतीला टेकलो, त्याच दिवशी दादानं अंथरूण धरलं.

मग मी पाजला. नवी बाटली फोडली, डोंगर ढवळला, सगळं केलं. त्याला गिळवेना. ओठांच्या कडेनं काढा गळ्यावर यायचा आणि मी पुसायचो. एकदा शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, "गेन्या, रामायणात धाकटा पडतो रं. आपलं उलटं झालं."

त्यानंतर तो बोलला नाही.

*

शेठ रडले, खोटं कशाला सांगू. पण दुकान उघडल्यावर काढा मागायला माणसं आली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बोट केलं. हा बघा, तापानं गेल्यातच जमा होता, संजीवनीनं उठला. तेव्हापासून रोज तेच. मी पोतं खाली ठेवून उभा राहतो आणि माणसं मला पायापासून डोक्यापर्यंत बघतात. एकाच बाटलीतलं दोघं प्यालो. उठला त्याच्याकडं बोट करता येतं.

एकदा मी बाटली घेतली आणि रस्त्यावर आपटली. काचा शेठनीच गोळा केल्या.

मग त्यांनी चाचांना सांगितलं, ठसा नवा करा, उठून बसलेला लक्ष्मण, आणि तोंड ह्या पोराचं. चाचा माझ्यासमोर लाकूड घेऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. शेवटी हत्यारं गुंडाळली आणि शेठना म्हणाले, "ह्याच्या तोंडात मला शिवाच दिसतो. हात चालत न्हाई."

*

परवा महाळुंगे पडवळची एक बाई आली. चालत आलेली, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे, पदराच्या टोकाला अंगाऱ्याची गाठ. तिचा मुलगा तापानं पडला होता. शेठनी सवयीनं बोट केलं.

आज सगळं मोठ्यानं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी घरून निघालो होतो.

ती माझ्याजवळ आली. "खरं का रं लेकरा? ह्यानंच उठलास?"

"प्यालो व्हतो."

"तुझ्यापाशी कोन बसलं व्हतं?"

"माझा दादा."

"त्यो बी प्याला?"

"प्याला."

शेठचा हात तराजूवर थांबला.

"कसा हाय आता त्यो?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. अंगाऱ्याची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली होती.

मी म्हणालो, "ह्याचं नाव त्यानंच ठिवलंय, मावशे. कागद बी त्योच चिकटवायचा."

ती फळीवरच्या बाटल्यांकडं बघून म्हणाली, "त्याच्या हातची एकादी हाय का? असली तर तीच दे."