मामाच्या रजेत उरकलेलं उष्टावण

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत मी पाळणाघर चालवते. माझ्याकडं चार महिन्यांचं एक बाळ यायचं. एका सोमवारी बघते तर त्याच्या पोटाचा नगारा झालेला. बाटली तोंडाला लावली की ते पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. मी लगेच त्याच्या आजीला बोलावून घेतलं आणि काय भरवलंत म्हणून विचारलं.

"काल उष्टावण केलं की! मामाला परत रजा मिळायची न्हाय. खीर दिली, बासुंदी चाटवली. सगळ्यांनी हौसेनं एकेक चमचाच भरवला."

माझं डोकंच सणकलं. "अहो, अजून दोन महिने त्याला नुसतं दूध द्यायचं! मामाला रजा मिळाली म्हणून ह्याची आतडी तयार झाली का? आधी डॉक्टरकडं चला."

"जाऊ की. तुमी लईच बोलता बाई," म्हणत आजीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "बघा तरी, किती छान झालाय कार्यक्रम."

फोटोत चांदीची वाटी होती, मामा होता, घरभर हसणारी माणसं होती. बाळ तेवढं रडत होतं, आणि रडताना उघडलेल्या त्याच्या तोंडात कुणीतरी चमचा घातला होता.