मामांचा ड्रायव्हर

संगणकाच्या कंपन्यांना पुरून उरलेला एकच माणूस अख्ख्या तंजावरात आहे, आणि ते आमचे मामा. ‘तुमच्या प्रणालीला या ग्राफिक्स कार्डाचा आधार नाही’ असं कंपनीने एका ओळीत कळवलं, तेव्हा मी संतापून पत्रकच लिहिलं. मामांनी चष्मा पुसून ते वाचलं. "‘निषेध’ सहा वेळां आहे, कार्डाचा नंबर एकदांही नाहीं. कोण भिणार गं याला? आणि आधार नाहीं तर नाहीं. आपल्या भाषेला तरी कोण दिला होता? चाललीच की."

भाषेचंच तर प्रकरण होतं. मामांची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, आमच्या घरच्या तंजावरी मराठीतले शब्द सांगते, मामा ते जपून ठेवायला तमिळ अक्षरांत टंकतात. देवनागरी त्या घरात कुणाला येते! मग मावशी पडद्यावर वाचून चुका काढायची. तिची नजर मंदावत चाललेली, म्हणून अक्षर तळहाताएवढं करावं लागे. जुन्या यंत्रावर मामांनी फुकटची, मोकळी प्रणाली चढवली आणि कार्ड रुसलं. अक्षर मोठं केलं की फुटून नुसते ठिपके. कार्डाला नव्या प्रणालीशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो काही मिळेना. "लवकर कर रे," मावशी म्हणाली, "डोळे थांबायचे नाहींत."

तिनेच फुलवालीला सांगितलं, भावाला ड्रायव्हर मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसचा एक निवृत्त ड्रायव्हर कपाळी विभूती लावून, खिशात लायसन्स घेऊन दारात हजर! मामांनी त्याला कॉफी पाजली आणि तासभर सगळी अडचण समजावली. तो गंभीरपणे म्हणाला, "गियर बदलून पाहिलात का?" मामांनी तेही वहीत टिपलं. त्या वहीत प्रत्येक प्रयत्न नोंदलेला असे, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना ‘झालं का?’ विचारायची घरात सक्त बंदी.

परदेशातल्या अनोळखी जाणकारांना ते मदत मागत तीही घरच्या पत्रासारखी. आधी ‘आपण सहकुटुंब कुशल असाल’, मग कावेरीला आलेलं पाणी, मग बहिणीचे डोळे, आणि फुटकी अक्षरं थेट चौथ्या परिच्छेदात.

"मामा, हसतील ते!"

"हसूं दे. हसण्यापुरतं तरी वाचतील की."

एकाने वाचलं. त्याने आधी मावशीचे डोळे कसे आहेत ते विचारलं आणि मग दुरुस्त केलेला ड्रायव्हर पाठवला. माझ्या पत्रकाची कंपनीने अजून पोचसुद्धा दिलेली नाही.

पडद्यावर तळहाताएवढं अक्षर उमटलं, कडा अगदी कोरीव. मावशीने नाक लावून वाचलं. "हें चुकलंय," ती म्हणाली. मामा नाचायचेच बाकी राहिले.

आता मावशीला तेवढंही अक्षर दिसत नाही. मामा मोठ्याने वाचतात, ती ऐकून चुका काढते. परवा मी सुचवलं, अक्षर लहान केलं तर पडद्यावर पानभर मजकूर मावेल. मामा बराच वेळ वही चाळत राहिले.

"असूं दे गं," ते म्हणाले. "एखादे दिवशीं दिसलं तिला, तर?"