शैलाच्या कंट्रोलमधलं पाणी

शैलाने पीएच.डी. संसारासाठी सोडली नाही. ती माझ्यामुळे सुटली.

काल ती गेली. सकाळपासून कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर "घरासाठी संशोधनाचा त्याग" असं चाललंय. म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या कॉलेजात मी विभागप्रमुख, ती नवी लेक्चरर. परतूरहून रोज रेल्वेने यायची, पिशवीत कपाशीची रोपं.

उन्हाचा ताण बसला की रोपाच्या पेशीत कॅल्शियम वाढतं. एरवी मोकळं फिरणारं एक प्रोटीन ते ओळखतं, पेशीच्या पडद्याला जाऊन चिकटतं, आणि तिथून पुढे इशारा जातो. हाच तिचा पीएच.डी.चा विषय.

"मॅडम, हे प्रोटीन म्हणजे आमच्या सासूबाई. एरवी घरभर फिरत्यात. काही बिघडल्याची खबर लागली की दारात जाऊन बसत्यात. मंग साऱ्या गल्लीला कळतं."

"आणि खबर म्हणजे कॅल्शियम?"

"बराबर."

म्हणजे कॅल्शियम न घातलेल्या नळीत, कंट्रोलमध्ये, प्रोटीन मोकळं राहायला हवं. तिच्याकडे ते तिथेही चिकटलेलं.

वर्षभर. प्रत्येक वेळी.

शेवटी गाईड म्हणाले, कंट्रोलच उभा राहत नाही तर थिसिस कशाचा?

तिने रजिस्ट्रेशन सोडलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनच्या तळाशी पांढरा थर दिसला. आमच्याकडे चहाच्या पातेल्याला धरतो तोच. बोअरचं पाणी. कॅल्शियमने भरलेलं, आणि शैलाच्या कंट्रोलमध्येही तेच.

मी लॅब अटेंडंट सलीमभाईंना विचारलं.

"तुम्हीच बोलल्या होत्या मॅडम. लाइट न्हवती, डिस्टिल्ड बिलकुल संपलं होतं. बोअरचं भरू का विचारलं, तर भरा म्हणल्या, प्रॅक्टिकल अडायला नको."

मी एका दिवसापुरतं सांगितलं होतं. त्यांनी कायमचं धरलं.

एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायचं नाही, हा विभागात माझाच नियम.

चुकीचं लेबल लावलं तर मी मुलांना लॅबबाहेर उभं करायची. आता ही चूक कोणत्या तोंडाने सांगणार?

नाही सांगितली.

स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या समोरासमोर. आज सांगू म्हटलं की वाटायचं, ती विचारेल, काल का नाही सांगितलं. आठवडा गेला. वर्ष गेलं. जितका उशीर, तितकी सुटका अवघड.

एकदा वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "मॅडम, माझ्या हातातच काही खोट आसंल का?"

मी म्हणाले, "काम कर, शैला."

पुढे तिने शिकवलं, पण प्रयोगाच्या नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला पुन्हा कधी हात लावला नाही.

शैला, तुझ्या हातात खोट नव्हती. हे तू असताना म्हणायला हवं होतं. तुला अखेरचा नमस्कार.

आज दुपारी परतूरला तिच्या मुलीच्या हातात दिलं: विभागाच्या कपाटात राहिलेल्या चार प्रयोगवह्या, प्रोटीनच्या जेल-चाचणीच्या फोटोंचं एक पाकीट, आणि पाण्याबद्दलचं माझ्या सहीचं पत्र.

तिने पत्र माझ्यासमोरच वाचलं. "बसा" म्हणाली नाही.