श्रीकांतला सांगितलेली चित्रं

श्रीकांतच्या बायकोचा, वृंदाचा फोन शनिवारी सकाळी यायचा. येताना कोथिंबीर आणा, नाहीतर केळी आणा, असं सांगायला. त्या दिवशी बुधवार होता. "सुमनताई, हे उठलेच नाहीत हो…" एवढंच ती म्हणाली आणि कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. मला आधी रडू नाही आलं, राग आला. मेल्या, शनिवारपर्यंत तरी थांबायचं होतंस! माझा वाचायचा चष्मा टेबलावर पडला होता. तो आता कशाला लागणार, हेच मला कळेना. त्याला आता महिना होऊन गेला.

श्रीकांत आणि मी विक्रोळीच्या एकाच चाळीत वाढलो, भिंतीला भिंत. त्याच्या घरचे मालवणचे, त्यामुळे सत्तरीला टेकलो तरी त्याचं "काय गो सुमे" सुटलं नाही, आणि माझं "शिऱ्या" सुटलं नाही. चाळीतली बाकीची मुलं चित्रकथा वाचून फाडायची, हा जपायचा. खाकी कागदाचं कव्हर, आत कडुनिंबाची पानं. पुढे नोकरी, लग्न, कांजूरमार्गचा फ्लॅट, सगळं यथासांग झालं, पण पलंगाखालच्या ट्रंका वाढतच गेल्या. वृंदा म्हणायची, "लोकांच्या पलंगाखाली गाद्या असतात, आमच्याकडे राक्षस आणि चाचे." निवृत्त झाल्यावर तो एकेका अंकाचं परीक्षण लिहून जुन्या चित्रकथांच्या वेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला लागला. भीडभाड नाही. "कथा भिकार, संवाद त्याहून भिकार, पण चौथ्या पानावरचा घोडा बघा. त्या घोड्यासाठी अंक ठेवा." ग्रुपवर सगळे एकजात भांडखोर. छपाई कुठली, कव्हर कुणाचं, यावरून आठवडा आठवडा जुंपायची, आणि त्यात हा सगळ्यांच्या पुढे.

मग साखरेने त्याचे डोळे खाल्ले. आधी अक्षरं गेली, मग रंग, मग माणसं… तो खिडकीशी बसून राहायचा, वृंदावर खेकसायचा. तिनेच मला बोलावलं. मी म्हटलं, त्यात काय, मी वाचून दाखवते. चित्रकथा वाचून दाखवणं म्हणजे काय, हे मला काय माहीत! पहिल्या शनिवारी मी पात्रांच्या तोंडचे फुगे घडाघडा वाचले आणि पान उलटलं.

"थांब. चित्रात काय आहे?"

"माणूस पळतोय."

"कसा पळतोय? पायात चप्पल आहे? सावली कुठल्या बाजूला?"

"अरे पळतोय मेला, जीव घेऊन पळतोय, अजून काय सांगू?"

किती दिवसांनी हसला, असं वृंदा नंतर म्हणाली. मला मात्र कळलं, मी जन्मभर नुसते फुगे वाचत आले होते. हळूहळू शिकले. आधी चौकट केवढी ते सांगायचं, मग आकाश, मग कोण पाठमोरं, कुणाचा हात चौकटीबाहेर आलाय. एक अंक सांगायला अख्खी दुपार जायची. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा, मग खिडकी लावून घामाघूम होत सांगायचं. शेवटी तो फोनवर आपलं परीक्षण बोलायचा आणि मी ते ग्रुपवर पाठवायचे. डोळे माझे, मत त्याचं. मी एखादा रंग चुकीचा सांगितला की तिकडे आरडाओरडा, आणि इकडे हा डाफरायचा, "नीट बघ गो, तुझ्याच जिवावर बोलतोय मी."

एका अंकाला मात्र हात लावू द्यायचा नाही. 'खलाशी खंडू आणि मुकं बेट'. लहानपणी तापाने अंथरुणावर असताना त्याच्या बाबांनी आणून दिलेला, संग्रहातला पहिला. ग्रुपवाले मागे लागायचे, हा म्हणायचा, "तो मी माझ्या डोळ्यांनी बघणार. ऑपरेशन होऊ दे." डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो म्हणाला, "ट्यूब लावलीय का?" लावली होती. तेवढा उजेड त्याला कळला, बाकी काही नाही. आणखी काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी ट्रंकेकडे वाकले, तर तो अंक त्याच्या मांडीवर.

"वाच."

"अरे, हा तू बघणार होतास ना?"

"वाच ना, सुमे…"

म्हणजे त्याने हात टेकले होते. मी सुरुवात केली, पण मला फारसं सांगावंच लागेना. पान उलटायच्या आत तोच पुढची चौकट सांगायचा. डोलकाठी, तिच्यावर चढलेलं माकड, ढग, सगळं बरोबर. चेहरा असा उजळला होता, की वाटावं ह्याला दिसतंय. शेवटच्या पानावर खंडू बेट सोडून एकटा होडीतून निघतो. "आणि शीड लालभडक," श्रीकांत म्हणाला. "अख्ख्या निळ्या पानात तेवढंच लाल. बाबांनी बोट ठेवून दाखवलं होतं मला. आहे ना?"

शीड पांढरं होतं. त्यात रंग भरलेलाच नव्हता.

"आहे ना गो?"

त्याच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. ते मी कसं काढून घेऊ? "आहे," मी म्हटलं. "लालभडक."

परीक्षण त्याने त्याच दुपारी केलं. कथेला नावं ठेवली, अक्षराला ठेवली, आणि म्हणाला, त्या लाल शिडासाठी हा अंक ठेवा. मी ते पाठवलं. आता जुंपणार आणि ह्याला कळणार, म्हणून संध्याकाळपर्यंत फोन धरून बसले. नुसते अंगठे आले आणि जोडलेले हात. कुणाकडे हा अंक नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. तेच त्याचं शेवटचं परीक्षण.

तेराव्यानंतर ग्रुपमधले कुर्ल्याचे एक गृहस्थ वृंदाला भेटायला आले. सगळ्यांत भांडकुदळ माणूस, श्रीकांतशी तर विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेले, तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाले, "ताई, माझ्याकडे आहे तो अंक." मी मान खाली घातली. "बऱ्याच जणांकडे आहे. एकजण लिहायला निघाला होता. मी फोन करून दम दिला, गप बस म्हटलं." मग तो एवढा मोठा माणूस जिन्यात उभा राहून रडला, आणि मीही.

अंक वृंदाने मला दिला. शनिवारी दुपारी चष्मा लावते आणि मोठ्याने सांगते, चौकट न् चौकट, सावल्यांसकट. घरातले मला वेडी म्हणत असतील, म्हणोत. शेवटचं पान येतं. समोर पांढरं शीड असतं…

लालभडक आहे रे, मी सांगते.