उलट्या हाताचे आप्पा

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. मागच्या खोलीतले लोखंडी कपाट सरकवून त्यामागची प्लायवूडची फळी काढली, ती ही वेळ. नोंद ठेवण्याची सवय भूमापन खात्यातली. निवृत्तीला वीस वर्षे झाली तरी ती सुटलेली नाही. फळीमागे जे निघाले ते माझ्याच घरातले होते आणि मला त्याचा काहीही बोध होईना.

ते ज्यांनी बसवले, त्यांना सांगलीतल्या आमच्या गल्लीत ‘उलट्या हाताचे आप्पा’ म्हणत. आप्पा वायरमन होते. कोणत्याही वस्तूला ते प्रथम हाताच्या पाठीने स्पर्श करीत. विजेचा धक्का बसला की मूठ आवळते आणि तळहाताने धरलेली वस्तू सुटत नाही. उलटा हात मात्र आपोआप मागे येतो, हे त्यामागचे कारण. कारण विजेपुरते होते, सवय मात्र सर्वत्र पसरली होती. चहाचा कप, फाटकाची कडी, सायकलचे हँडल, सर्वांना आधी उलटा हात. एका लग्नात यजमानीणबाईंनी पुढे केलेल्या पेढ्यांच्या डब्यालाही त्यांनी तो लावला. बाई रागावल्या. आप्पा म्हणाले, "आवं, डबा स्टीलचा हाय. स्टीलवर इस्वास कसा ठेवायचा?"

फळी काढण्याचे कारण माझी थोरली बहीण. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून अक्का कोरेगावाहून येऊन माझ्याकडे राहते. वय ब्याऐंशी. तिला घरात अनवाणी वावरण्याची सवय आहे आणि स्वयंपाकघराची फरशी बहुधा ओलीच असते. दिवाळीनंतर एक दिवस ती म्हणाली, "नाना, तुझ्या फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात." मी ते वयावर घातले. जानेवारीत मलाही मुंग्या आल्या. फेब्रुवारीत अक्काने पिशवी भरली. "तुझ्या घरात थंड पाणी पिताना मरण्यापेक्षा कोरेगावात कोमट पिऊन जगेन," असे म्हणाली. रविवारपर्यंत थांब, एवढेच मी तिला सांगितले. मुंग्यांचे पुढे काय होते हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

संदीप कुपवाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. रविवारी मोटारसायकलवरून घरोघरी कामे करतो. त्याने फ्रीज तपासला, प्लग तपासले, घराच्या दर्शनी भागातला नवा मीटर पाहिला आणि विचारले, "काका, ह्याच्या आधीचं मीटर कुठं होतं?" मला आठवेना. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी मी पस्तीस वर्षे मोजल्या. स्वतःच्या घरातल्या मीटरची जागा मला अक्काने दाखवली. "कपाटामागं असंल बघ. तुझी बायको तिथं दर दिवाळीला झाडायची."

फळीमागे सागवानी तक्ता होता. त्यावर एक काळी लोखंडी पेटी, बाजूला दांडा. तिच्याखाली चिनी मातीचे चार पांढरे ठोकळे. शेजारी काचेचे तोंड असलेले दोन मीटर. आणि तक्त्याच्या तळातून निघालेली, करंगळीएवढी जाड, उघडी लोखंडी तार. ती भिंतीला खिळलेल्या लाकडी पट्टीतून खाली जाऊन जमिनीत नाहीशी झाली होती.

"असलं मी बघितलंच नाय," संदीप म्हणाला. "हे काय काय हाय ओ काका?"

त्याला शिकवणारा कोणी उरला नव्हता. मी आठवू लागलो. तक्त्यावरील एकेका वस्तूवरून आप्पा थोडेथोडे परत आले.

पेटी म्हणजे मेन स्विच. तिच्याविषयी आप्पांचे एक वाक्य होते: "दांडा खाली हाय म्हणून वीज गेली आसं समजू नगा. दांडा माणसानं केलाय." दांडा खाली ओढल्यावरही ते टेस्टर लावीत आणि टेस्टरवरही विश्वास नसल्याने शेवटी उलटा हात. एवढ्या संशयी माणसाशी बोलणे मला जड जाई. मी त्यांना नेहमी कामापुरते विचारीत असे.

पांढरे ठोकळे म्हणजे फ्यूज. यांच्याविषयी आमचा एकदा वाद झाला होता. इस्त्री लावली की फ्यूजची तार वितळे. चिडून मी सांगितले, जाड तार घाला. आप्पांनी खिशातली बारीक तार काढली आणि तीच पुन्हा गुंडाळली. "साहेब, ही जळती म्हणून तुमचं घर जळत न्हाई. हिला जाड करून काय मिळवणार?" जाताना त्यांनी त्या बारीक तारेचे भेंडोळे तक्त्यावरच्या खिळ्याला अडकवून ठेवले. ते अजून तेथेच होते. संदीपने ते बोटावर तोलून पाहिले आणि परत अडकवले.

दोन मीटरांचा उलगडा होईना. एका घराला दोन कशासाठी? संदीपची शंका निराळीच होती. "काका, कुणी चोरून लाईन बिईन घेतलीवती काय?" मी त्याच्याकडे रोखून पाहिले. उत्तर अक्काकडून आले. "अरे, एक दिव्यांचा, एक शेगडीचा. आमच्या कोरेगावात डॉक्टरांकडं पण होते तसे. दर वेगळे असायचे." तिचे खरे होते. पत्नीने विजेची शेगडी घेतली, तेव्हा दुसरा मीटर आला होता. पुढे गॅस मिळाला, शेगडी माळ्यावर गेली. मीटर कोणी नेला नाही आणि मीही विचारले नाही.

राहिली ती उघडी तार.

संदीपने होल्डरमध्ये दिवा लावला, त्याची एक वायर चालू विजेला जोडली, दुसरी त्या तारेला टेकवली. दिव्यात केवळ तांबूस रेघ दिसली. "अर्थिंगची वाटतीया, पण अर्थिंग असती तर दिवा फक्कन पेटला असता. ही मेलीया. तोडतो, भंगारात जाईल. नवीन खड्डा मारू पुढच्या रविवारी." त्याने पक्कड हाती घेतली. पेटीची जागा मोकळी करावी म्हणून तिचे झाकण उघडले, तो आतून पेन्सिलीची अक्षरे दिसली. हस्ताक्षर आप्पांचे; प्रत्येक अक्षर स्वतंत्र, एकमेकांना न चिकटलेले. लिहिले होते: ‘परसात. अळू. पाणी.’

मला प्रथम राग आला. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

आप्पा दर उन्हाळ्यात, बोलावल्याशिवाय, आमच्या दारी येत. सायकल भिंतीला टेकवीत आणि आत न येताच विचारीत, "वैनी, अळू हिरवं हाय न्हवं?" आमच्या परसात मोरीचे पाणी बाहेर पडे तेथे अळवाचे बन होते. पत्नी त्यांना मागे घेऊन जाई. दोघे तेथे उभे राहून काही बोलत. परतताना आप्पांच्या हाती अळवाची जुडी असे. हे मी पंधरा वर्षे पाहिले. वायरमन अळूवड्यांसाठी येतो, असा माझा निष्कर्ष होता. कागदोपत्री पुरावा भक्कम होता: माणूस येतो, अळू विचारतो, अळू घेऊन जातो.

एका वर्षी मी बोललो. "आप्पा, कामापेक्षा तुमचे लक्ष पाल्याकडे अधिक दिसते."

त्यांनी मला न्याहाळले. मग म्हणाले, "पाला न्हाई साहेब. मी बूड बघतोय."

मला ते उद्धट वाटले आणि त्याचा अर्थ विचारण्याचे मी टाळले. वायरमनला काय विचारायचे? त्या दिवसानंतर त्यांनी जुडी कधी नेली नाही. पत्नीने देऊ केली तरी, "नगं वैनी, घरात कुणी खात न्हाई," असे सांगत. येणे मात्र थांबवले नाही. अळू विचारीत आणि रिकाम्या हाताने जात.  मी बोललो त्या आठवड्यात पत्नीने अळूवड्या केल्या नाहीत, एवढे स्मरते.

आप्पा म्हातारे झाले तसे कोरेगावकडच्या आपल्या गावी परतले. जाण्यापूर्वी निरोप घ्यायला आले. मी पायरीवर वर्तमानपत्र वाचीत होतो. त्यांनी माझ्या मनगटाला हाताची पाठ लावली, क्षणभर ठेवली, आणि म्हणाले, "साहेबांस्नी सगळं ठावं हाय. मी काय सांगायचं?" मला काय ठाऊक होते, हे मला तेव्हाही कळले नाही. मी ‘बरे’ म्हटले. सहा वर्षांपूर्वी ते वारल्याचे अक्काने फोनवर कळवले. मी गेलो नाही. गुडघ्याचे निमित्त होते.

हे सर्व मनात येत असताना संदीप पक्कड घेऊन थांबला होता. "तोडू न्हवं काका?"

"थांब," मी म्हणालो. झाकण पुन्हा वाचले. अळवाची मागणी कोणी स्विचच्या पेटीत लिहून ठेवत नाही. एवढे समजले, त्यापुढचे समजेना. अळवाचा आणि पेटीचा संबंध काय? पत्नीचे एक बोलणे आठवले. अळू काढून परस फरसबंद करावा, असे मी दर दोन वर्षांनी म्हणत असे आणि ती दर वेळी म्हणे, "ते राहू द्या. आप्पांनी सांगितलंय." मी समजत असे, ती त्यांचा वाटा राखते आहे. ती असेपर्यंत अळू राहिले. ती गेल्यावर, गेल्या मे महिन्यात, मी ते मुळासकट काढले, वर पेव्हिंग ब्लॉक बसवले, सांधे सिमेंटने भरले आणि मोरीचे पाणी पाइपाने गटारास जोडले. काम चोख झाले होते. मी स्वतः पातळी तपासली होती.

मी संदीपला विचारले, "या तारेला पाणी लागते का?"

"तारेला कशाला पाणी? मातीला लागतंय. खाली पत्रा पुरलेला असतोय, कोळसा-मीठ घालून. माती वाळली की गळलेला करंट खाली उतरत नाय, फ्रीजच्या पत्र्यावरच ऱ्हातोय." एवढे बोलून त्याने झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "काका, अळू कुठं हाय?"

घराचे वायरिंग झाले तेव्हा मी जतला मोजणीवर होतो. आप्पांनी सर्व पत्नीला समजावले असणार. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला, असे सांगून कोणी घालत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. म्हणून त्यांनी पत्रा तेथे पुरला, जेथे घरातल्या माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज आपोआप जाईल. वर अळू, कारण अळू कोमेजले की माती वाळल्याचे दुरूनही दिसते. जुडी पत्नी देत असे. ते मागत नसत. ‘अळवावरचे पाणी’ आपण न टिकणाऱ्या गोष्टीला म्हणतो. आप्पांचा भरवसा अळवाखालच्या पाण्यावर होता. माझ्यासारख्या सरकारी साहेबाला हे ठाऊक असणारच, असे त्यांनी धरले. साहेबाने पाल्यावरून टोमणा मारला तेव्हाही त्यांनी खुलासा केला नाही. तो मागायला हवा होता आणि मी मागितला नाही.

आम्ही परसात गेलो. पहारीने सहा ब्लॉक उचलले. खालची माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. हातभर खोदल्यावर तीच तार लागली. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "नाना, हे बसवताना किती मिरवत होतास." मी बादल्या भरून आणल्या. पाच बादल्या ओतल्या. पहिल्या तीन कोठे गेल्या ते कळलेही नाही.

तासाभराने संदीपने पुन्हा दिवा लावला. दिवा पेटला. पूर्ण नव्हे, पण आतली तार पाहता येणार नाही इतका. त्याने पक्कड पिशवीत टाकली. "तोडायची नाय ही. पुढच्या रविवारी जोडीला नवीन अर्थिंग करतो, आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवतो. तोवर हिला पाणी घालत ऱ्हावा." फ्रीजची आतली, सुटून पत्र्याला टेकलेली वायरही त्याने घट्ट केली. निघताना त्याने त्या लोखंडी पेटीला हाताची पाठ लावून पाहिली. त्याला कोणी शिकवले, हे मी विचारले. "आमच्यात सगळेच लावतात काका. कुणी काढलं काय म्हाईत."

मी त्याला सांगितले, कोणाकडून मी पाहिले ते. आप्पांचे पूर्ण नाव त्याने विचारले, तेव्हा मला ते सांगता आले नाही. जुनी टिपणवही काढली. जतहून परतल्यावर केलेली वायरिंगची नोंद सापडली: ‘वायरमन आला. काम पूर्ण.’ त्याखाली काही नाही.

दुपारी अक्काने पिशवीतली लुगडी काढून पुन्हा खुंटीवर टाकली.  शेजारच्या बाईंकडून तिने अळवाचे दोन कांदे मागून आणले. साडेपाच वाजता मी मोरीचा पाइप गटारापासून सोडवून त्याचे तोंड परसाकडे वळवले. सहाला कांदे लावले, वर एक बादली ओतली. पेटीचे झाकण न पुसता जागेवर बसवले. मग स्वयंपाकघरात जाऊन, पायांत चपला घालून, फ्रीजच्या दांड्याला हाताची पाठ लावली. थोडा वेळ ठेवली. नंतर हात सुलटा केला, दार उघडले आणि अक्काच्या चहासाठी दूध बाहेर काढले.